निसरड्या थराची गोष्ट: मामा तलाव ते बेसमेंटची टाकी

ज्यांचा आजचा डेटा संपत आलाय त्यांच्यासाठी हा भाग लिहून दिलाय. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.

आजचा विषय ऐकून तोंड वाकडं करू नका. आज गटाराच्या पाण्याबद्दल बोलायचंय. म्हणजे ते पाणी स्वच्छ कोण करतं, आणि हे माणसाला कधी कळलं, याबद्दल. मध्ये लंडन येईल, मँचेस्टर येईल, माटुंगा येईल, नॉर्वे येईल. पण सुरुवात आणि शेवट आपल्या वैनगंगेच्या काठीच होणार आहे.

मी मूळचा गोंदियाचा. बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये लागलो, आता नोकरी नागपुरात. रेल्वेने साधारण १३० किलोमीटर. शनिवारी सकाळी गाडी पकडली की दुपारच्या जेवणाला घरी. नागपुरात ज्या सोसायटीत राहतो, तिथल्या कमिटीने मागच्या वर्षी मला एक काम दिलं. "तू कॉम्प्युटरवाला आहेस ना, मग एसटीपीचं रजिस्टर जरा एक्सेलमध्ये टाकून दे."

एसटीपी म्हणजे सांडपाणी साफ करायचा प्लांट. आमच्याकडे तो बेसमेंटमध्ये आहे. रजिस्टर उघडलं. पीएच ७.२. डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, ३.५. दुसऱ्या दिवशी ७.२ आणि ३.५. तिसऱ्या दिवशीही तेच. पावसाळ्यात एकदा दिवसभर लाइट नव्हती, लिफ्टसुद्धा बंद होती. त्या दिवशीही ७.२ आणि ३.५! आमच्या धंद्यात याला हार्डकोड केलेली व्हॅल्यू म्हणतात.

मग खाली गेलो. ऑपरेटर साधा मुलगा होता, माझ्यापेक्षा लहान. त्याने जाळीने टाकीतून मूठभर काहीतरी काढलं. प्लास्टिकची छोटी छोटी चाकं. लग्नाच्या पंगतीत चाकांच्या आकाराचे रंगीत पापड असतात ना, अगदी तशी. फक्त तपकिरी आणि बुळबुळीत.

"हे काय?"

"मीडिया हाय भाऊ. बॅक्टेरिया याच्यावर चिपकून राहते. तेच साफ करते पाणी."

"मग रजिस्टरमध्ये रोज एकच आकडा कसा?"

तो थोडा थांबला. "रात्री ब्लोअर बंद ठेवाले सांगतलं हाय. बिल वाचते."

कोणी सांगितलं ते इथे महत्त्वाचं नाही. पण तो बुळबुळीत थर माझ्या डोक्यातून जाईना. कारण तो मी आधी पाहिला होता, आणि बेसमेंटमध्ये नाही.

मामाचा तलाव

गोंदिया आणि भंडारा म्हणजे तलावांचे जिल्हे. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याआधी सगळं भंडाराच होतं. आमच्याकडे "मामा तलाव" असा शब्द आहे. लहानपणी मला वाटायचं, हा कुणाच्या तरी मामाचा तलाव असेल. मोठा झाल्यावर कळलं, मामा म्हणजे "माजी मालगुजारी". इंग्रजांच्या काळात सारा गोळा करणारे मालगुजार होते, तलाव त्यांच्या ताब्यात होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. पण ते बांधणारे हात बरेच जुने. कोहळी समाज यात वाकबगार होता. नवेगावबांधचा मोठा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी गॅझेटियरमध्ये नोंद आहे.

सुट्टीत आजीबरोबर तलावावर जायचो. पाळीवरून उतरून दगडांवर पाय ठेवला की आजी ओरडायची, "पाय सांभाळ, घसरशील!" दगडांवर तो थर असायचा. निसरडा, हिरवट, तपकिरी. आम्ही त्याला सरळ घाण म्हणायचो.

शास्त्राच्या भाषेत त्याला बायोफिल्म म्हणतात. पाण्यात दगड पडला की बॅक्टेरिया त्याला चिकटतात, भोवती चिकट पदार्थ सोडतात, आणि त्या गोंदात वसाहत करून राहतात. त्यात शेवाळ येतं, बारीक किडे येतात. आपल्या दातांवर सकाळी जो थर असतो तोही याच कुळातला. वाहत्या पाण्यात जी काही सेंद्रिय घाण येते, कुजलेलं पान, शेण, खरकटं, ती हा थर खातो. खाताना ऑक्सिजन वापरतो.

म्हणून छोट्या गावाच्या बोडीला फारसं काही होत नाही. घाण कमी, दगड भरपूर, हवा भरपूर. हिशोब जुळतो.

हिशोब कधी बिघडतो ते आमच्याच धंद्यावरून सांगतो. गोंदिया म्हणजे राइस मिलचं शहर. माझे काका मिलमध्ये कामाला होते. उसना तांदूळ करायचा तर धान आधी भिजवतात, मग वाफवतात, वाळवतात आणि मग भरडतात. जुन्या पद्धतीत धान गार पाण्यात एक ते तीन दिवस भिजत ठेवायचे. ते पाणी आंबायचं, आणि त्याचा वास ज्याने घेतलाय त्याला मी काय सांगायचं! म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेने नंतर गरम पाण्याची पद्धत काढली. ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात तीन-चार तास. वास बराच कमी झाला. पण भिजवलेल्या पाण्यात धानाची साखर, स्टार्च उतरतंच. असं पाणी नाल्यात सोडलं की नाल्यातल्या बॅक्टेरियांची मेजवानी होते. ते एवढे खातात, एवढा ऑक्सिजन ओढतात, की माशांना उरतच नाही. मासे मरतात, पाणी काळं पडतं.

एखादं पाणी बॅक्टेरियांना किती ऑक्सिजन ओढायला लावेल, या मापाला बीओडी म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लंडनचा वास आणि क्लोरोफॉर्मचा प्रयोग

आता थोडं लांब जाऊ. १८५८ चा उन्हाळा, लंडन. थेम्स नदी एवढी सडली की काठावरच्या पार्लमेंटमध्ये बसवेना. इतिहासात याला "ग्रेट स्टिंक" म्हणतात, म्हणजे महादुर्गंधी. त्यानंतर जोसेफ बाझलगेट या इंजिनीअरने प्रचंड गटारं बांधली आणि घाण शहराच्या खाली नेऊन सोडली. लंडनची सुटका झाली. घाण मात्र तेवढीच राहिली, फक्त पुढच्या लोकांच्या दारात गेली. हे वाक्य पण लक्षात ठेवा.

मग प्रश्न आला, घाण हलवण्याऐवजी संपवता येईल का? एडवर्ड फ्रँकलंड या केमिस्टने १८६८ ते १८७० च्या सुमारास सांडपाणी मातीतून थांबून थांबून झिरपवून पाहिलं. खालून बरंच स्वच्छ पाणी आलं. पण का? तेव्हा बहुतेकांना वाटायचं की माती गाळते आणि हवेमुळे काहीतरी रासायनिक क्रिया होते.

उत्तर १८७७ मध्ये फ्रान्समधून आलं, आणि हा माझा सगळ्यात आवडता प्रयोग आहे. श्लोझिंग आणि म्युंत्झ या दोघांनी एका नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि वरून हळूहळू सांडपाणी सोडलं. सुमारे वीस दिवस काही झालं नाही. मग अचानक खालच्या पाण्यात अमोनियाचं नायट्रेट व्हायला लागलं. आता विचार करा. रासायनिक क्रिया असती तर पहिल्याच दिवशी का नाही झाली? मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम बंद. क्लोरोफॉर्म काढून टाकला, तरी बंदच. शेवटी साध्या मातीचं थोडं पाणी ओतलं, आणि काही दिवसांनी काम पुन्हा सुरू!

म्हणजे नळीत कोणीतरी जिवंत होतं. वीस दिवस ते वाढत होतं, क्लोरोफॉर्मने मेलं, आणि मातीच्या पाण्यातून नवीन आलं.

सांडपाण्याचा पुढचा सगळा इतिहास मला या एका नळीत दिसतो. पाणी यंत्र साफ करत नाही, जीव साफ करतात. इंजिनीअरचं काम दोनच: त्यांना राहायला जागा द्यायची आणि श्वास घ्यायला हवा द्यायची.

दगडांचं घर

जागा म्हणून पहिल्यांदा दगड आले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या लॉरेन्स गावात १८८७ मध्ये प्रयोगकेंद्र सुरू झालं, तिथे वाळू आणि खडीवर पद्धतशीर प्रयोग झाले. १८९३ च्या सुमारास मँचेस्टरच्या शेजारी सॅल्फर्डमध्ये ट्रिकलिंग फिल्टर आला. नाव फिल्टर, पण तो गाळत नाही. दगडांचा मोठा थर, वरून पाण्याचा शिडकावा. पाणी दगडांवरून ओघळतं, दगडांवरचा निसरडा थर घाण खातो, दगडांच्या मधून हवा खेळते. आमच्या तलावाच्या दगडांची गोष्टच, फक्त मुद्दाम रचलेली.

अडचण काय? जागा खूप लागते. फोडलेल्या दगडांच्या एका घनमीटरमध्ये बॅक्टेरियांना चिकटायला साधारण ४० ते ६० चौरस मीटर मिळतात. थर जाड झाला की दगड तुंबतात. माशा होतात.

किती स्वच्छ म्हणजे स्वच्छ, हेही याच काळात ठरलं. ब्रिटनच्या रॉयल कमिशनने १९१२ च्या आठव्या अहवालात सांगितलं, नदीत सोडायच्या पाण्याचा बीओडी लिटरला २० मिलिग्रॅम आणि तरंगता गाळ ३० मिलिग्रॅम, यापेक्षा जास्त नको. तेही नदीत किमान आठपट पाणी असेल तर. चाचणी पाच दिवसांची, ६५ अंश फॅरनहाइटवर. पाच दिवसच का? तर इंग्लंडच्या नद्या तेवढ्या वेळात समुद्राला मिळतात म्हणून, असं सांगितलं जातं. आपल्याकडे आज ही चाचणी तीन दिवस आणि २७ अंश सेल्सियसवर करतात. आपलं पाणी गरम, आपले बॅक्टेरिया भराभर जेवतात.

माटुंग्याचा गॅस आणि एक चुकीची तारीख

इथे मुंबईत एक थांबा घेऊ. १८९० मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ऑकवर्थ यांनी माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रम सुरू केला. हेच ते ऑकवर्थ, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापले. पोवाडे आणि गटार, दोन्हींशी नाव जोडलेला दुसरा माणूस मला माहीत नाही!

त्या आश्रमाच्या सांडपाण्यावर महापालिकेचे ड्रेनेज इंजिनीअर सी. सी. जेम्स यांनी सेप्टिक टाकीचे प्रयोग केले. १८९७ च्या सुमारास तिथल्या टाक्यांमधून निघणारा गॅस गोळा करायची सोय झाली, आणि पुढे त्या गॅसवर इंजिनही चाललं. हे हवेशिवाय जगणाऱ्या बॅक्टेरियांचं काम. बायोगॅसच्या इतिहासात माटुंग्याचं नाव जगभर घेतलं जातं.

आता गंमत. इंटरनेटवर शोधलंत तर शंभर ठिकाणी सापडेल की "१८५९ मध्ये मुंबईच्या कुष्ठरोग वसाहतीत जगातला पहिला बायोगॅस प्लांट झाला". पण माटुंग्याचा आश्रमच १८९० चा! त्याच्या एकतीस वर्षं आधी तिथे टाकी कुठून येणार? एकाने लिहिलं, बाकीच्यांनी कॉपी-पेस्ट केलं. आमच्या सोसायटीच्या रजिस्टरसारखंच.

बाटलीतला गाळ

१९१२ मध्ये मँचेस्टरचे गिल्बर्ट फाउलर अमेरिकेतल्या त्या लॉरेन्स केंद्रात जाऊन आले. तिथे बाटलीतल्या सांडपाण्यात हवा सोडून प्रयोग चालू होते. परत येऊन त्यांनी एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघांना ते करून पाहायला सांगितलं. दोघांनी बाटलीत सांडपाणी घेतलं, शेवाळ वाढू नये म्हणून बाहेरून कागद लावला, आणि हवा सोडत राहिले. पूर्ण स्वच्छ व्हायला जवळपास पाच आठवडे लागले. एवढा वेळ कोण थांबणार?

पण त्यांनी एक गोष्ट केली. वरचं स्वच्छ पाणी काढलं आणि तळाचा गाळ फेकला नाही. त्याच गाळावर नवीन सांडपाणी ओतलं. वेळ कमी झाला. पुन्हा केलं, अजून कमी. असं करता करता पाच आठवड्यांचं काम चोवीस तासांच्या आत आलं. गाळ म्हणजे बॅक्टेरियांची फौज होती, आणि दरवेळी ती वाढत होती. घरी दह्याचं विरजण ठेवतो तसंच.

३ एप्रिल १९१४ ला हा निबंध वाचला गेला. पद्धतीचं नाव ॲक्टिव्हेटेड स्लज. आजही जगातली बहुतेक मोठी शहरं यावर चालतात. आणि फाउलर? ते १९१६ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक म्हणून आले. म्हणजे शोध लागून दोन वर्षं होत नाहीत तोच तो माहीत असलेला माणूस भारतात होता. "आपल्याकडे हे ज्ञान उशिरा आलं" असं कोणी म्हणालं तर हे सांगा.

या पद्धतीत बॅक्टेरिया दगड सोडून पाण्यात मोकळे तरंगतात. जागा कमी लागते. पण घर नसल्यामुळे ते पाण्याबरोबर वाहून जातात. म्हणून पुढच्या टाकीत गाळ बसवायचा आणि पंपाने परत आणायचा. हे रोजचं, काटेकोर काम. जरा दुर्लक्ष झालं की गाळ फुगतो, बसत नाही, पाण्याबरोबर निघून जातो.

नॉर्वेची चाकं

आता १९८७. उत्तर समुद्राच्या भोवतीच्या देशांनी लंडनच्या परिषदेत ठरवलं, १९८५ ते १९९५ या दहा वर्षांत समुद्रात जाणारं पोषकद्रव्य, म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस, निम्म्यावर आणायचं. पुढच्याच वर्षी, मे १९८८ मध्ये, नॉर्वे आणि स्वीडनच्या किनाऱ्यावर विषारी शेवाळाची लाट आली आणि मत्स्यशेतीतले मासे मेले. आता नायट्रोजन काढणं भागच होतं.

पण नायट्रोजनचं काम करणारे बॅक्टेरिया फार संथ. काही बॅक्टेरिया चांगल्या परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात, यांना एखादा दिवस किंवा जास्त लागतो. नॉर्वेच्या थंडीत तर अजूनच उशीर. तरंगत ठेवले तर वाढण्याआधीच वाहून जाणार. दगडावर ठेवले तर जागा कुठून आणणार?

ट्रॉन्डहाइमच्या तंत्रविद्यापीठातले प्राध्यापक हालवार ओडेगार्ड, सिन्टेफ ही संशोधन संस्था आणि टोन्सबर्गची काल्डनेस कंपनी यांनी मिळून उत्तर शोधलं. काल्डनेस मुळात जहाजं बांधणारं नाव. उत्तर असं: घर द्या, पण घरच तरंगू द्या!

त्यांनी प्लास्टिकचं छोटं चाक बनवलं. सुमारे एक सेंटीमीटर व्यासाचं, ७ मिलिमीटर लांब, आत फुलीसारखी भिंत, बाहेर कंगोरे. प्लास्टिकची घनता ०.९५, म्हणजे पाण्यापेक्षा जराशी हलकी. खालून हवा सोडली की चाकं पूर्ण टाकीभर फिरत राहतात. बाहेरून ती एकमेकांवर घासतात, तिथे थर टिकत नाही. आतल्या भिंतीवर मात्र वारा-वादळ नाही, तिथे बॅक्टेरिया निवांत राहतात. थर जास्त जाड झाला की आपोआप सुटतो, त्यामुळे दगडांसारखं तुंबत नाही. आणि टाकीच्या तोंडाला जाळी, त्यामुळे चाकं बाहेर जात नाहीत. गाळ परत आणायचा पंपही लागत नाही.

याला एमबीबीआर म्हणतात, मूव्हिंग बेड बायोफिल्म रिॲक्टर. या चाकांच्या एका घनमीटरमध्ये आतली जागा ५०० चौरस मीटर. टाकी साधारण दोन तृतीयांश भरतात, म्हणजे हजार लिटरच्या टाकीमागे सुमारे ३३५ चौरस मीटर. चार बॅडमिंटन कोर्ट, गच्चीवरच्या एका पाण्याच्या टाकीत! १९९४ च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या लिलेहामर शहरातही हेच तंत्र बसलं.

बेसमेंटपर्यंत

आपल्याकडे काय चाललं होतं? महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला, केंद्राचा कायदा १९७४ चा. नागपुरात १९५८ मध्ये सांडपाणी आणि सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था सुरू झाली, तीच १९७४ पासून नीरी. नीरीच्या फायटोरिड पद्धतीत खडीच्या थरात झाडं लावतात आणि त्यातून सांडपाणी नेतात. खडी आणि मुळं, दोन्हीवर तोच निसरडा थर.

मग १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण मंजुरीची अधिसूचना आली. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठं बांधकाम असेल तर मंजुरी लागते, आणि मंजुरीच्या अटीत एसटीपी येतो. बिल्डरला हवी होती कमी जागेत बसणारी, फार देखरेख न लागणारी गोष्ट. नॉर्वेची चाकं त्यात चपखल बसली. नवीन प्लांट सुरू करताना टाकीत शेणकाला टाकतात, त्यातले बॅक्टेरिया वस्ती करतात, आणि काही आठवड्यांनी पांढरी चाकं तपकिरी होतात. श्लोझिंग-म्युंत्झच्या नळीतले वीस दिवस आठवले का?

२०१७ मध्ये केंद्राने सांडपाणी प्रकल्पांसाठी बीओडीचं मानक दिलं. महानगरांसाठी २०, इतरत्र ३०. म्हणजे १९१२ च्या आसपासच.

पण "फार देखरेख नको" याचा आपण अर्थ घेतला "देखरेखच नको". केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२१ चा अहवाल बघा. शहरी भारतात रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी. बसवलेली क्षमता ३१,८४१. चालू स्थितीत २६,८६९. प्रत्यक्षात साफ होतं २०,२३५. पहिल्या दोन आकड्यांतली दरी पैशांची आहे, मान्य. पण बसवलेली क्षमता आणि साफ होणारं पाणी यांतली दरी? तिथे टाकी आहे, पैसा खर्च झालाय, तरी पाणी साफ होत नाही. कारणं अनेक. गटार प्लांटपर्यंत जोडलेलं नाही, पंप बंद, माणूस नाही. आणि कुठे कुठे ब्लोअर रात्री बंद.

ब्लोअर बंद झाला की दोन गोष्टी होतात. चाकं फिरायची थांबतात, म्हणजे जेवण त्यांच्यापर्यंत पोचत नाही. आणि थोड्याच वेळात ऑक्सिजन संपतो. संथ वाढणारे बॅक्टेरिया आधी मार खातात, मग सडका वास येतो. सकाळी ब्लोअर लावला तरी वस्ती लगेच पूर्ववत होत नाही. फ्रेंच प्रयोगात क्लोरोफॉर्म सोडला होता, आम्ही रोज रात्री अकरा वाजता स्विच दाबत होतो.

आंभोऱ्याचा संगम

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे मांडलं. एक काका म्हणाले, "अरे, पाणी शेवटी नाल्यातच जातं ना? मग एवढं कशाला?"

मी मोबाइलवर नकाशा दाखवला. नाल्याचं पाणी नाग नदीत. नाग पुढे कन्हानमध्ये. कन्हान कुही तालुक्यात आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते. आणि ही वैनगंगा येते कुठून? मध्य प्रदेशातल्या सिवनीतून, बालाघाटवरून, गोंदिया जिल्ह्याला लागून, भंडाऱ्यावरून. गोंदिया शहर डांगोर्लीला याच नदीतून पिण्याचं पाणी उचलतं. आणि शहराचं सांडपाणी पांगोलीच्या वाटेने शेवटी याच नदीकडे जातं. माझ्या गावाचं सांडपाणी आणि माझ्या नोकरीच्या शहराचं सांडपाणी आंभोऱ्याला भेटतं आणि गोसेखुर्द धरणात साठतं. त्या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ची, नॉर्वेत मासे मेले त्याच्या पुढे-मागेच.

आंभोरा म्हणजे पाच नद्यांचा संगम मानतात. मुकुंदराजांचा विवेकसिंधु तिथे लिहिला गेला, असं एक मत आहे. आता मोठा पूल झालाय, लोक रील काढायला जातात. लंडनच्या गटारांबद्दल मी एक वाक्य लक्षात ठेवायला सांगितलं होतं, आठवतंय? घाण तेवढीच राहिली, पुढच्या लोकांच्या दारात गेली.

मीटिंगमध्ये एक काकू होत्या, माहेर पवनीचं. पवनी आंभोऱ्याच्या खाली, वैनगंगेच्याच काठी. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे आपलं पाणी माझ्या भावाच्या घरी जाते." त्यानंतर विजेच्या बिलावरचा वाद बराच छोटा झाला.

अगदी सगळं सुटलं असं म्हणणार नाही. ठरलं असं की ब्लोअर चोवीस तास चालणार, दोन ब्लोअर आलटून पालटून. रजिस्टरमध्ये खरे आकडे लिहायचे, वाईट आले तरी चालतील, ऑपरेटरला कोणी बोलणार नाही. ही शेवटची अट मीच घातली. खोटे आकडे तो स्वतःहून लिहीत नव्हता, खरे आकडे कोणाला नकोच होते. पहिल्या आठवड्यात डीओ १.१ आला, नंतर १.४. रजिस्टर पहिल्यांदा खरं वाटलं. वास जायला महिना लागला. आणि काही जण अजूनही बिल बघून कुरकुरतात.

मागच्या शनिवारी गोंदियाला गेलो तेव्हा आजीला हे सगळं सांगितलं. चाकाचा फोटो दाखवला. तिने चष्मा लावून बघितला आणि म्हणाली, "एवढं शिकला, अन् शेवटी शेवाळच सांभाळतं का?"

हो आजी, तेच सांभाळतो.

तर मंडळी, तुमच्या सोसायटीत, हॉस्टेलमध्ये, ऑफिसमध्ये एसटीपी असेल तर एक काम करा. एकदा खाली जा. ऑपरेटरशी बोला, ब्लोअरचा आवाज ऐका, रजिस्टरची चार पानं उलटा. आकडे रोज सारखे असतील तर मला कळवा. पुढच्या भागात राइस मिलच्या भोंग्यांचा इतिहास घेऊन येतो. तोपर्यंत, पाय सांभाळा!